भाकरीतलं मीठ

रोमान्या, इटली
ता. ४ ऑगस्ट २०२४

आत्या,

शरणु. धाकट्या शिवराजनं फोन तुझ्यापुढं धरला की तू नुसती हसतेस. माझं तोंड हलताना तुला दिसतं, आवाज येत नाही, आणि मग आपण दोघी एकमेकींकडं बघत बसतो. म्हणून ठरवलं, पत्रच लिहायचं. चौथीपर्यंत शिकलीस ते वाया कशाला घालवायचं?

मी बरी आहे. ज्या घरी कामाला आहे तिथं ब्रुनाबाई एकटीच राहते. वय शहाऐंशी. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती चुलीपाशी उभी राहिलेली नाही. तिला उठवणं, आंघोळ, औषधं, जेवण, सगळं माझ्याकडं. अडचण जेवणाचीच आहे. काहीही करून द्या, दोन घास खाते आणि ताट सरकवते. परवा म्हणाली, मला माझ्या आईची भाकर पाहिजे.

इथं डोंगराकाठच्या गावांत गव्हाची एक भाकर करतात, तिला पियादिना म्हणतात. आंबवायचं नाही, भट्टी नाही, सरळ तव्यावर. ब्रुनाबाईकडं आईचा मातीचा तवा अजून आहे, आपल्या खापरासारखाच. मी म्हटलं, अगं बाई, भाकरच की! जन्मभर दुसरं काय केलंय? आधण ठेवलं, पिठात ओतलं आणि हातावर थापायला घेतलं. ते पीठ असं चिकटलं की कोपरापर्यंत हात माखले. ज्वारीचा हात गव्हाला चालत नाही हे मला त्या दिवशी कळलं. ब्रुनाबाई हसली. तिची मुलगी म्हणाली, हाड मोडल्यापासून पहिल्यांदाच हसली. पण खाल्लं काही नाही. तिच्या आईच्या भाकरीत डुकराची चरबी घालायचे. मी सांगितलं, ते माझ्या हातून व्हायचं नाही. तेव्हापासून ती रुसून बसली आहे.

आप्पा कसे आहेत? दोन वर्षं झाली, फोनवर येत नाहीत. त्या सकाळी माझी बॅग दारात होती आणि आप्पा भरल्या ताटावरून उठले. "तुझ्या हातची भाकर इथून पुढं माझ्या गळ्याखाली उतरायची न्हाई." ते ताट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, आत्या. भाकरीचा एकच तुकडा मोडलेला, शेजारी कारळ्याची चटणी. हुलसूरचं सासर सुटलं, कलबुर्गीला नर्सिंग शिकले, जिथं काम मिळालं तिथं आले. यात मी काय चुकले, तेवढं त्यांना विचार एकदा.

तुझी,
विजी

निर्णा
ता. २७ ऑगस्ट

विजी,

आत्याचा आशीर्वाद घे. तुझं पत्र तीनदा वाचलं. ह्या बहिरीला परदेशातनं कोण लिहायलंय म्हणून पोस्टमन ओट्यावर उभा राहून बघायला लागला. मला लई बरं वाटलं बघ. शेजारची नागव्वा येती ती कानाशी येऊन वरडती, शिवराज हातवारे करतंय. तुझ्या आप्पांनी मातर एक पाटी घेतलीय, शाळंतल्या लेकरांची असती तसली. काय सांगायचं ते तिच्यावर लिहितेत, मी वाचते, मग धोतराच्या सोग्यानं पुसतेत. "पाणी दे." "म्हैस पान्हावली का." जास्तीचा शब्द न्हाई. खडू सोन्याचा असल्यावानी जपून लिहितेत.

चरबीचं वाचून अंगावर काटा आला गं. गळ्यात लिंग हाय तुझ्या. न्हाई म्हणालीस ते ब्येस केलंस. तेल घाल की. तिकडं तेल मिळत न्हाई का? आन गव्हाच्या पिठात आधण कामून वतलंस खुळे? कोमट पाणी घे, तेल चोळ, मळून झाकून ठीव. घटकाभर पडू दे त्याला. आन नुसतीच भाकर कोण खातंय? संग काय देतीस? तोंडाला पाणी सुटंल असं कायतरी कर. म्हाताऱ्या माणसाची जीभच तेवढी जागी असती, ती धर.

अण्णा, तुझे आप्पा, बरे हायत. शेतात जायलेत. तूर झकास आलीय. मी तुझा निरोप त्यांना सांगितला. उठून गेले. पण आता पहिल्यासारखं तरातरा न्हाई, हळू जातेत.

तुझी,
गीताआत्या

रोमान्या
ता. १९ सप्टेंबर

आत्या,

तुझंच खरं ठरलं. इथं ऑलिव्हचं तेल घरोघरी असतं. पीठ, तेल, चिमूटभर सोडा, कोमट पाणी. मळून अर्धा तास झाकलं, मग पोळीपेक्षा जाड लाटलं आणि तापलेल्या खापरावर टाकलं. फुगे आले की काट्यानं टोचायचे, करडे डाग पडले की उलटायचं. वास असा सुटला की ब्रुनाबाईनं खुर्ची पुढं सरकवायला सांगितली.

पहिला घास घेतला आणि थुंकून टाकला! मी घाबरले. ती म्हणाली, यात मीठ कुठं आहे? आत्या, मी मीठ घातलंच नव्हतं. ज्वारीच्या भाकरीत आपण कधी घालतो? पिठापाशी बसलं की आपला हात मिठाकडं जातच नाही. दुसऱ्यांदा घातलं. तिनं एक अख्खी खाल्ली आणि मला म्हणाली, माझी आई यापेक्षा चांगली करायची. म्हणजे आवडली.

संग काय देते म्हणून विचारलंस. बांधावरची पालेभाजी आणते, आपल्या पातरीसारखी जराशी कडू, ती लसूण घालून परतते. वांगं भाजून आपलं भरीत करते, मिरची कमी घालून. इथलं ताजं पांढरं चीज असतं, हलवलं की थरथरणारं, ते भाकरीवर पसरायचं. तू पाठवलेली शेंगाची चटणी मी लपवून खात होते. तिनं पकडलं. आता दुपारी अर्धी चटणी तिची.

आत्या, तूही करून बघ एकदा. मऊ लागते. पण मीठ विसरू नकोस. अर्धा चमचा, दोन वाट्या पिठाला. खाली रेघ मारून लिहिते: मीठ.

तुझी,
विजी

निर्णा
ता. १० ऑक्टोबर

विजी,

केली बघ तुझी परदेशी भाकर. करडईचं तेल घातलं. लाटली, भाजली, नागव्वा बघायला आली. ती म्हणाली, ही पोळीच की. मी म्हणाले, पोळी असली तर तू खाऊ नको, ठीव. चार खाऊन गेली.

मीठ राहिलं. हसू नको. तू रेघ मारून लिहिलंस, मी चष्मा लावून वाचलं, आन पिठात हात घातल्यावर डोक्यातनं गेलं ते गेलंच. पन्नास वर्षांची खोड एका पत्रानं कशी जाईल?

आता एक सांगते, रागावू नको. दोन भाकरी मी अण्णाला दिल्या. तुरीच्या वरणाच्या पाण्यात कुस्करून. त्यांनी पाटीवर लिहिलं, "हे काय." मी म्हणाले, शिवराजनं हुमनाबादच्या बेकरीतनं आणलंय. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग वाटीकडं बघितलं, आन खाल्लं. समदं खाल्लं. दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहिलं, "बेकरीचं हाय का आणखी." तवापासनं रोज करायलेय.

खोटं बोलले मी. देवापाशी कान धरलेत. पण तुझं नाव काढलं असतं तर वाटी सरकवली असती, तुला ठाऊक हाय त्यांचा स्वभाव.

गीताआत्या

रोमान्या
ता. २ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. ब्रुनाबाईला वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं नाही, माझे वडील जेवले.

पण मग विचार करत बसले. आप्पा आणि मऊ भाकर? आप्पांना कडक भाकर लागायची, मोडली की आवाज आला पाहिजे. दात सगळे गेले का? कवळी करून घ्या ना. शिवराजला सांग, बिदरला न्यायला. आणि वरणाच्या पाण्यात कुस्करून तर आप्पा लहान मुलांना भरवायचे, मला भरवायचे. म्हातारे झाले माझे आप्पा.

एक गोष्ट मला झोपू देत नाही. त्यांना फसवून खाऊ घालतोय आपण. त्यांनी शब्द उच्चारला होता. आपल्या घरात दिलेला शब्द मोडलेला मी कधी पाहिला नाही. सांग ना त्यांना. सांग, ही विजीनं लिहून पाठवलेली भाकर आहे, खाताय का? नाही, नको. नको सांगूस. उठून गेले तर? आधीच किती थोडं खात असतील. आत्या, तूच ठरव. माझ्या हातून ठरत नाही. मला एवढंच हवंय, त्यांनी एकदा कळून सवरून माझी भाकर खावी. एकदाच.

आणि मीठ घाल गं. अळणी खाऊ घालू नकोस त्यांना.

विजी

निर्णा
ता. २४ नोव्हेंबर

विजी,

ठरवलं मी. येळवसेला सांगणार.

ह्या साली येळवसेची अमावस्या तीस डिसेंबरला हाय. शेतात कडब्याची कोप बांधू, पाच दगडांचे पांडव मांडू, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, समदं घेऊन जाऊ. त्या दिवशी अण्णाचं मन मोठं असतंय. वाटंनं जाणाऱ्या परक्या माणसालाबी हात धरून पंगतीला बसवतेत, मग पोटच्या लेकीला कसं उठवतील? उंड्याच्या शेजारी तुझी भाकर ठेवते आन समद्यांच्या देखत सांगते. तिथं मला ऐकू येत न्हाई त्याचा फायदा. रागावले तर मला काय कळणार?

दाताचं म्हणतीस, व्हय, दातच गेलेत. तू काळजी करू नको. कवळीचं बघू.

तुझी पत्रं मी अण्णाच्या पलंगापाशी देवळीत ठेवते. तिथं खिडकी हाय, उजेड चांगला येतोय, दुपारी तिथं बसून मी परत परत वाचते. अण्णा भिंतीकडं तोंड करून पडलेले असतेत. आता थंडी हाय ना, म्हणून पडतेत.

मीठ आजबी राहिलं.

गीताआत्या

निर्णा
ता. १९ डिसेंबर

विजी,

शिवराजनं तुला फोन केला तवा मी शेजारी उभी होते. तुझं तोंड हललं, मग हलायचं थांबलं. मला आवाज ऐकू न आल्याचं पहिल्यांदा बरं वाटलं.

सोमवारी दुपारी अण्णा जेवले. मी ताट घेऊन भाईर गेले, भांडी घासली, म्हशीला पाणी दाखवलं. आत आले तर मान कलली होती. हाक मारली असंल त्यांनी. मारली असंल न्हाईतर नसंल, मला कोण सांगणार? पाच पावलांवर होते मी, विजी. पाच पावलं.

आता तुझ्यापाशी कबूल करते. श्रावणापासनं अण्णा अंथरुणावर होते. दाताचं न्हवतं, गळ्याचं होतं. बिदरच्या डॉक्टरनं सांगितलं, लई पुढं गेलंय, घरीच ठेवा, सांभाळा. त्यांनी पाटीवर लिहून मला बजावलं, "पोरीला कळवायचं न्हाई. नोकरी सोडून यील." म्हणून मी शेतात जायलेत असं लिहीत राहिले. घट्ट काही उतरत न्हवतं. भात अडकायचा, ज्वारीची भाकर तर दिसली तरी डोळ्यांत पाणी यायचं. तुझी ती भाकर वरणाच्या पाण्यात भिजवली की तेवढी उतरायची. अडीच महिने तिच्यावर काढले त्यांनी.

शेतात माती दिली, आंब्याखाली. आपल्यात सुतक न्हाई पाळत, पण दुःखाच्या घरची चूल त्या दिवशी पेटत न्हाई ते न्हाईच. नागव्वानं कडू भाकर आणली, माझ्या तोंडात पहिला घास घातला. घास गिळताना तू डोळ्यांपुढं आलीस. तुला तिकडं कडू घास कुणी दिला? शिवराज सांगत होता, तू जेवंना. परमुलखात कोण देणार, ह्याचाच मला घोर लागलाय.

तुझी अपराधी,
गीताआत्या

रोमान्या
ता. १० जानेवारी २०२५

आत्या,

मी तुझ्यावर खूप रागावले. तीन पत्रं लिहून फाडली. परवान्याचे कागद अडकलेत, इथून निघाले असते तर परत येता आलं नसतं, पण मी आले असते. तू मला ते ठरवूही दिलं नाहीस. आप्पांनीही नाही. दोघांनी मिळून मला वाचवलंत, मला विचारलं नाही. हे मला कायम लागून राहील, तुला सांगून ठेवते.

कडू घासाचं विचारलंस. दोन दिवस मी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. ब्रुनाबाईनं विचारलं, तुमच्याकडं अशा वेळी काय करतात? मी सांगितलं, घरात चूल पेटत नाही, बाहेरचं माणूस भाकर आणतं आणि पहिला घास भरवतं. दुपारी मी खुर्चीतच डोळे मिटून बसले होते. लाटण्याचा आवाज आला. मला वाटलं तिची मुलगी आली असेल. बघते तर ब्रुनाबाई! एका हातानं ओट्याची कड घट्ट धरलेली, दुसऱ्या हातानं लाटत होती. पाय थरथरत होते. मी धावले तर म्हणाली, बस तिथं, तू आज माझ्याकडं पाहुणी आहेस.

चरबीचा डबा फडताळात तसाच बंद होता. तेलाची बाटली उघडी होती. भाकर वाकडी झाली, एका बाजूनं करपली. वर तिनं आपली शेंगाची चटणी घातली, तळाशी उरलेली. घास मोडून माझ्या तोंडात घातला. मीठ बरोबर होतं. तेव्हा मी रडले, आत्या. आप्पा गेल्यावर पहिल्यांदा.

पण एक गोष्ट उरलीच. येळवस आली आणि गेली. तू सांगणार होतीस ते राहिलं. आप्पांनी माझी भाकर खाल्ली ती बेकरीची म्हणून. त्यांचा शब्द त्यांच्या नकळत आपण मोडला. आजारी माणसाला फसवलं. ते मला टाकूनच गेले आणि मी मात्र इथं आप्पा जेवले, आप्पा जेवले म्हणून आनंद करत होते. त्यांना कधी संशय आला का? कधी विचारलं का? खरं सांग. आता मला वाचवू नकोस.

विजी

निर्णा
ता. २ फेब्रुवारी

विजी,

राग धर. तुझा हक्क हाय. तुझ्या ब्रुनाबाईला माझा शरणु सांग. म्हणावं, निर्ण्याची एक बहिरी बाई तुझ्या पाया पडायलीय.

तू विचारलंस ते मलाबी ठाऊक न्हवतं. देवाची शपथ घेऊन लिहिते, तुझं पत्र आलं तवापर्यंत ठाऊक न्हवतं. आज कळलं, म्हणून आजच लिहायलेय.

इतके दिवस अण्णाच्या पलंगाला हात लावायची माझी हिंमत झाली न्हाई. आज शिवराज म्हणाला, वाकळ उन्हात टाकू. मी देवळीतली तुझी पत्रं काढून घेतली. ती मी पाकिटात घालून ठेवायची, तारखेनं लावून. बघते तर समदी पाकिटाच्या भाईर, घड्या उलट्या, मागचं पुढं झालेलं. तुझ्या सप्टेंबरच्या पत्रावर, जिथं रेघ मारलीस ना, तिथं पांढऱ्या खडूचं बोट उमटलंय. भिंतीकडं तोंड करून पडायचे म्हणून मी लिहिलं होतं. मी भाईर गेले की हात लांबवून वाचत होते गं ते. समदं वाचलंय. त्या भरल्या ताटाचं, हुलसूरचं, मी बेकरीचं खोटं बोलले ते, एकदाच कळून सवरून खावी म्हणालीस ते. माझ्या देखत एक अक्षर न्हाई.

मग शिवराजनं वाकळ उचलली. खाली पाटी निघाली. अण्णा गेल्यापासनं ती कुठं गेली ह्याचं मला भानच न्हवतं. लिहिणारा गेल्यावर पाटी कोण हुडकतंय? त्या दुपारचं मला आता आठवायलंय. ताट उचलताना त्यांनी माझ्या पदराला वढ दिली होती. मला वाटलं, पाणी पायजे. तांब्या पुढं केला आन भांडी घासायला गेले. त्यांना पाटी दाखवायची होती. संध्याकाळी दाखवू म्हणून वाकळंखाली सरकवली असंल.

एका कोपऱ्यावरचं घासून गेलंय, बाकी समदं वाचता येतंय. आतापर्यंत त्यांनी माझ्यासाठी एवढं लांब कधी लिहिलं न्हवतं. शिवराजला मी नवी पाटी आणायला लावलीय, ही आता कुणी पुसायची न्हाई. तू येशील तवा तुझ्या हातात देते. तवर जसंच्या तसं उतरून पाठवते:

"गीता, तिनं मीठ घालायला लिहिलंय. तू रोज विसरतीस. हात तुझा हाय, भाकर तिची हाय, मला पहिल्या दिवसापासनं ठाऊक हाय. उद्या मीठ घाल."